आईच्या पोटातले जंतू आणि बाळाचा पहिला आठवडा



बोईसर-तारापूरच्या वस्त्यांत गरोदर बाईला ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली की पहिली फेरी बहुधा मेडिकलच्या दुकानाची होते. पट्टी कापून चार गोळ्या मिळतात. दवाखान्यात गेले तर दिवसाची हजेरी बुडते, म्हणून त्या बाईला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या चार गोळ्या पोटात काय करतात ते समजून घेऊ.

आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जंतू राहतात, आणि बहुतेक उपयोगाचेच असतात. अँटिबायोटिक घेतले की त्याला बळी पडणारे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि मोकळी जागा बघून वाढतात. ई. कोलाय आणि क्लेबसिएला ही त्यातली नेहमीची नावे. बाई मात्र ठणठणीत असते. आजार नाही, पण जंतूंनी बिऱ्हाड केलेले असते.

बाळंतपणात हेच जंतू बाळापर्यंत पोहोचतात. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण दिवस न भरलेल्या, कमी वजनाच्या बाळाच्या रक्तात ते शिरले तर जिवावर बेतते. डॉक्टर सुरुवातीला सहसा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन देतात. जंतू त्यांना दाद देत नसले तर औषध बदलेपर्यंत वेळ जातो, आणि दोन किलोच्या बाळाकडे वेळच कमी असतो.

एक गोष्ट ठासून सांगते. असे जंतू निघाले म्हणजे बाई अस्वच्छ, असे नाही. वस्तीतून आलेल्या बाईला वॉर्डात "तुम्ही लोक घाणीत राहता" हे ऐकवले जाते. ते बोलणे विज्ञानाचे नाही, जुन्या विटाळाचे आहे. हे जंतू बंगल्यातल्या बाईच्या पोटातही असतात, आणि रुग्णालयातही लागतात.

शिवाय पाण्याचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर होते. इथे औषधांचे कारखानेही आहेत. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून जास्त सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले, हे 2007 साली प्रसिद्ध झाले. अशा पाण्यात दाद न देणारे जंतू पोसले जातात. केंद्राने जानेवारी 2020 च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकला मर्यादा घातली होती. 2021 च्या अंतिम नियमांत ती गाळली. गोळी नीट घ्या हे बाईला शिकवायचे आणि कारखान्याला मोकळे सोडायचे, हा कुठला न्याय? बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेताना त्या खर्चाचा भार मालकावर आणि सरकारवर असावा, असेच मांडले होते.

आता घरातले. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. डॉक्टरांनी दिले असेल तर मात्र घाबरून टाळूही नका. गरोदरपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे "माझ्या लघवीचे कल्चर करता येईल का?" असे विचारा. कुठल्या जंतूवर कुठले औषध चालते ते त्यात कळते. आधी घेतलेल्या औषधांची नावे सिस्टरला सांगा, मेडिकलमधून घेतलेली सुद्धा. ती रागावली तरी सांगा.

जंतूंच्या भीतीने घरी बाळंतपण करू नका, त्यात धोका वाढतोच. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या, चीक पाजा. नाळेला तेल, हळद, राख काही नको, कोरडी ठेवा. बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, आजीने सुद्धा.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास भराभर चालला, मलूल झाले, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन लावा. आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. आणि निघताना आईने गरोदरपणात घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाका.