विद्या आपली, आज्ञावली कोणाची?

कपातीत नोकरी गेलेला संगणक-तंत्रज्ञ स्वतःचा सॉफ्टवेअर-व्यवसाय काढू लागला, की आपले काय आणि जुन्या कंपनीचे काय, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती गणली जाते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, कंपनीचा असतो. तिची नक्कल करून धंद्यात वापरणे हा हक्कभंग होय.

अनुभव व कौशल्य मात्र तंत्रज्ञाचेच. नोकरी सुटल्यावर तोच व्यवसाय करू नये, ही करारातील अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ अन्वये सामान्यतः निरर्थक ठरते. कंपनीची गुपिते जपण्याचे बंधन तेवढे राहते.

स्वतंत्र व्यावसायिकाने ग्राहकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो ग्राहकास द्यावयाचा तर लेखी करार लागतो. म्हणून काम, मोबदला आणि हक्क या तिन्ही बाबी आरंभीच लेखी ठराव्यात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. गावी परतलेल्या तरुणापर्यंत शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती अवश्य पोहोचवावी.