करजणचे बैल आणि बलांचा हिशेब

१८६२ साली, खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, डभोईपासून करजणला लागून असलेल्या मियागामपर्यंत अडीच फुटी लोहमार्ग टाकला गेला. रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना झेपेना, म्हणून सुरुवातीला डबे बैल ओढत. अकरावीतल्या मुलांना बलांची उदाहरणे शिकवायला मला याहून चांगला प्रसंग सापडलेला नाही.

सर्वांत चिवट गैरसमज न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. बैल डब्याला जेवढ्या बलाने पुढे ओढतात, तेवढ्याच बलाने डबा त्यांना मागे ओढतो. मग ही बले एकमेकांना रद्द करत नाहीत का? नाही. एक बल डब्यावर लागते, दुसरे बैलांवर; रद्द व्हायला दोन्ही एकाच वस्तूवर लागायला हवीत. म्हणूनच गणिताची पहिली पायरी सूत्र आठवण्याची नसते. आधी एकच वस्तू निवडायची, इथे डबा, आणि तिच्यावर लागणारी बलेच बाणांनी दाखवायची: पुढे बैलांची ओढ, मागे घर्षणाचा विरोध, खाली वजन, वर रुळांचा आधार. बैलांची आकृती वेगळी काढायची. ते खुरांनी जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते.

आता उदाहरणापुरते आकडे धरू. डबा २००० किलोग्रॅमचा, ओढ ३०० न्यूटन, विरोध १०० न्यूटन. वजन आणि आधार समतोल आहेत, त्यामुळे उरते २०० न्यूटन निव्वळ बल. त्याला २००० ने भागले की त्वरण येते ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबलेला डबा १० सेकंदांत सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर वेग घेईल. बैलाच्या चालीशी हे जुळते. उत्तर ताशी ३६ आले असते, तर कुठेतरी दशांशचिन्ह घसरले असे समजून मागे जायचे.

वेग टिकवायला ओढ विरोधापेक्षा थोडी तरी जास्त हवी, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बैलांनी ओढ १०० न्यूटनवर आणली तरी डबा त्याच वेगाने चालत राहील. निव्वळ बल वेग टिकवत नाही, तो बदलते.

वेगाच्या गणितांतला आणखी एक घोळ, सरासरी वेगाचा, मात्र झटकन सुटतो. वडोदरा ते करजण सुमारे ३० किलोमीटर. जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०. तर सरासरी ५० नव्हे, ४८. जायला अर्धा तास, यायला पाऊण तास, मिळून सव्वा तासात ६० किलोमीटर. कमी वेगाचा प्रवास जास्त वेळ चालतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.