ओसरलेले पाणी आणि बंद रस्ता : ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील मार्गस्थितीची परीक्षा

पाऊस थांबला की रस्ता मोकळा होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घाटात दरड कोसळली तर ती बाजूला सारली जाते. ओढ्यावरील फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते उतरेपर्यंत दोन-चार तास थांबावे लागते, इतकेच. ऑस्ट्रेलिया खंडाच्या ज्या विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या अंतर्भागाला तेथील लोक 'आउटबॅक' म्हणतात, तेथे हा हिशेब लागू पडत नाही. पाऊस होऊन तीन आठवडे लोटले आहेत, आकाश निरभ्र आहे, रस्त्यावर धूळ उडू लागली आहे, आणि नेमका त्याच दिवशी रस्ता 'बंद' म्हणून जाहीर होतो, असा प्रकार तेथे अपवादाचा नव्हे. असे का होते, आणि रस्ता चालू आहे की बंद हे तेथे ठरविले तरी कसे जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाची कल्पना यावयास हवी. क्वीन्सलंडच्या पश्चिमेस उगम पावणाऱ्या जॉर्जिना, डायामँटिना आणि कूपर या तीन प्रवाहप्रणाली समुद्राला मिळत नाहीत. त्या नैर्ऋत्येस वाहत जाऊन आयर सरोवराकडे वळतात. या सरोवराचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे १५ मीटर असून त्याचे खोरे खंडाच्या जवळजवळ एक षष्ठांश भागावर पसरले आहे. बहुतेक वर्षी सरोवर कोरडेच असते. प्रवाहांच्या मधल्या टप्प्यात भूमीचा उतार इतका अल्प आहे की किलोमीटरमागे तो वीस सेंटिमीटरही भरत नाही. त्यामुळे नदीला एक पात्र असे राहतच नाही; तिचे शेकडो फाटे होतात, आणि मोठ्या पुरात ते सर्व मिळून पन्नास-साठ किलोमीटर रुंदीचा उथळ जलाशय होतो. या पट्ट्याला 'चॅनेल कंट्री' म्हणजे फाट्यांचा मुलूख असे सार्थ नाव आहे. येथील डायामँटिना परगण्याचे क्षेत्रफळ सुमारे ९५,००० चौ. कि.मी. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र तीनशेच्या आतबाहेर. रस्ते बहुतांशी मातीचे किंवा मुरुमाचे, आणि ते पाहावयास माणसे थोडी, ही येथील मूळ अडचण होय.

आता मातीकडे वळू. पूरमैदानातील भूमी करड्या रंगाच्या, भेगाळणाऱ्या चिकणमातीची आहे. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात ती 'व्हर्टिसॉल' या गणात, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीच्याच गणात मोडते. दोहोंची उत्पत्ती निराळी : आपली माती बेसाल्टच्या विघटनातून झालेली, तर तेथील बरीचशी नद्यांनी वाहून आणून पसरलेली. परंतु पाणी शोषून फुगणारी स्मेक्टाइट वर्गाची खनिजे दोन्हींत विपुल असल्यामुळे वर्तन सारखेच. कोरडी असताना दगडासारखी टणक. भिजली म्हणजे लोण्यासारखी. आपल्या काळ्या मातीची भारवहनक्षमता दर्शविणारा सी.बी.आर. हा निर्देशांक भिजल्यानंतर बहुधा २ ते ४ टक्क्यांपर्यंत खाली येतो, हे स्थापत्यशाखेच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे.

या मातीची एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहिला पाऊस तिच्या भेगांवाटे खोल उतरतो. माती फुगून भेगा मिटल्या म्हणजे तिच्यात पाणी जवळजवळ शिरेनासे होते व ते पृष्ठावर साचते. म्हणून वीस मिलिमीटर पाऊस कोरड्या भूमीवर पडला तर त्याचा परिणाम एक, आणि आठवड्यापूर्वी भिजलेल्या भूमीवर पडला तर अगदीच वेगळा. पर्जन्यमापकावरील आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. सुकण्याची क्रियाही अशीच फसवी असते. ऊन-वाऱ्याने वरची पापडी दोन-तीन दिवसांत वाळते, पण तिच्याखालचा थर ओलाच राहतो. आपल्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. वापसा आला की नाही हे तो वरून पाहून ठरवीत नाही. मूठभर माती उकरून, दाबून ठरवितो. आउटबॅकमधील रस्त्याची परीक्षा ही वस्तुतः वापशाचीच परीक्षा आहे. फरक एवढाच की तेथे नांगर घालावयाचा नसून तीन-तीन, चार-चार डबे जोडलेली, पन्नास मीटरांहून अधिक लांबीची आणि शंभर टनांहून अधिक वजनाची मालवाहू 'रोड ट्रेन' न्यावयाची असते.

असे वाहन, किंवा साधी मोटारदेखील, वापसा येण्यापूर्वी रस्त्यावरून गेली म्हणजे काय होते? ती रुतली तर तिच्या मालकाचे नुकसान. पण ती पार निघून गेली तर नुकसान सर्वांचे, आणि हे अधिक गंभीर. तिच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कठीण होतात. पुढच्या पावसाचे पाणी त्यांतच तुंबते आणि रस्ता स्वतःच नाला बनतो. त्या मोडून रस्ता पुन्हा सपाट करणारे ग्रेडर यंत्र कदाचित दोनशे किलोमीटर दूर दुसऱ्या कामावर असते. रस्ता बंद ठेवण्याचा उद्देश प्रवाशाच्या जिवाचे रक्षण हा आहेच, परंतु रस्त्याचे रक्षण हाही तितकाच आहे. बंद रस्त्यावर वाहन नेणाऱ्यास जबर दंडाची तरतूद आहे ती यासाठीच. शहरातून आलेल्या प्रवाशाला ती जुलमी वाटते. ज्याची रसद त्या एकाच रस्त्याने यावयाची असते त्याला ती वाटत नाही.

परीक्षा प्रत्यक्षात करतात ती रस्तेदुरुस्तीच्या तुकड्या, स्थानिक परिषदांचे नोकर, पोलीस, आणि 'स्टेशन' म्हणजे विशाल गुरचराईच्या मालमत्तांवर राहणारी माणसे. हलक्या वाहनाने रस्त्याचे टप्पे पाहावयाचे, सखल जागी उतरून पायाने व कुदळीने खालचा थर तपासावयाचा, फरशीच्या कडेला रोवलेल्या मोजखांबावर पाण्याची खोली वाचावयाची, आणि पाणी उतरल्यावर फरशीखालचा भराव वाहून गेला नाही ना ते पाहावयाचे, असा क्रम असतो. त्यावरून रस्ता सर्वांस खुला, केवळ चारही चाकांना गती असलेल्या वाहनांस खुला, ठरावीक वजनापर्यंत खुला, किंवा बंद, असे वर्ग लावले जातात. गावाच्या वेशीवरील फलकांवर या अर्थाच्या पट्ट्या बदलतात आणि राज्यांच्या रस्तेखात्यांची मार्गस्थितीपत्रके प्रसिद्ध होतात. शंभर किलोमीटरांच्या टप्प्यात नव्वद किलोमीटर उत्तम व दोनशे मीटर अगम्य असतील, तर तो टप्पा बंदच. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढे, हा न्याय येथे अक्षरशः लागू पडतो.

आतापर्यंत स्थानिक पावसाचा विचार झाला. परंतु या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे पाऊस न पडता येणारा पूर. बर्ड्सव्हिल या गावी वर्षाकाठी सरासरी १६० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. तरीही उत्तरेस शेकडो किलोमीटरांवर झालेल्या वृष्टीचे पाणी डायामँटिनेतून काही आठवड्यांनी तेथे दाखल होते. कूपरची गती याहून मंद. तिचे पाणी फाट्यांत, डोहांत, वाळूत मुरत मुरत पुढे सरकते आणि कित्येकदा सरोवरापर्यंत पोहोचतच नाही. जेव्हा पोहोचते तेव्हा बर्ड्सव्हिल ते मारी या सुमारे ५२० कि.मी. लांबीच्या मार्गाला ते आडवे येते, आणि नदीपार जाण्यासाठी शासनाला तेथे तराफ्यासारखी नौका चालवावी लागते. वाळवंटात नावाडी! २०१० नंतरच्या ओल्या वर्षांत हे दृश्य पाहावयास मिळाले. म्हणून परीक्षकाला दोन प्रश्न विचारावे लागतात : आज रस्ता कसा आहे, आणि वरच्या अंगास नदी किती चढली आहे? दुसऱ्याचे उत्तर हवामानखात्याची नदीपातळीमापके देतात; पण ती एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि पूर कोणत्या फाट्याला लागेल हे पातळीवरून सांगता येत नाही.

येथे उपग्रहांचे साहाय्य मोठे आहे यात शंका नाही. लँडसॅटच्या प्रतिमांत ३० मीटरांचा व सेंटिनेल-२ च्या प्रतिमांत १० मीटरांचा तपशील मिळतो. सेंटिनेल-१ वरील रडार ढगांतूनही पाणी ओळखते. जिऑसायन्स ऑस्ट्रेलिया या संस्थेने लँडसॅटच्या १९८० च्या दशकापासूनच्या प्रतिमांवरून खंडात कोठे किती वेळा पाणी दिसले याचा नकाशाच सिद्ध केला आहे. पूर कोठवर आला हे ठरविण्यास या साधनांना तोड नाही. तथापि त्यांच्याकडून मार्गस्थितीचा निर्णय अपेक्षिणे हा माझ्या मते प्रमाद होय. रस्ता बहुधा एका चित्रबिंदूहून अरुंद असतो, आणि मुख्य म्हणजे उपग्रहाला पाणी दिसते, वापसा दिसत नाही. ज्या क्षणी प्रतिमेतील निळा पट्टा नाहीसा होतो त्याच क्षणी रस्ता सर्वांत नाजूक अवस्थेत असतो.

रस्त्याची अशी पारख मोटारीच्याही पूर्वीची आहे. १८६० च्या दशकापासून बलुचिस्तान, सिंध, पंजाब व अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांनी या मुलखाची रसद वाहिली. तेथे त्या सर्वांनाच सरसकट 'अफगाण' म्हटले गेले. उंटाचा मऊ, पसरट तळवा वाळूसाठी योग्य, पण ओल्या चिकणमातीवर तो घसरतो. म्हणून पावसानंतर तांड्याला थांबावेच लागे. क्वीन्सलंडची गुरे मारीच्या रेल्वेपर्यंत हाकीत आणणाऱ्यांनी तर एकाच मार्गाच्या दोन वाटा पाडल्या होत्या. आतली वाट गोयडर लगूनच्या पूरमैदानातून जाई. डायामँटिनेला पूर असला म्हणजे दगड-वाळूच्या बाहेरच्या वाटेने जावयाचे. १९३६ पासून सुमारे दोन दशके या मार्गावर टपाल नेणाऱ्या टॉम क्रूझ यांच्यावर जॉन हेयर यांनी १९५४ साली 'द बॅक ऑफ बियाँड' हा माहितीपट काढला, आणि त्यामुळे हा मार्ग जगाला परिचित झाला. मारीहून उत्तरेस ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणारा जुना लोहमार्गही पुरांनी वारंवार उखडला जाई. अखेर १९८० साली तो सोडून पश्चिमेकडून नवा मार्ग घालावा लागला.

डांबरी रस्ता झाला म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील अतिवृष्टीने स्टुअर्ट महामार्ग आणि खंडपार लोहमार्ग दोन्ही तुटले, आणि कूबर पीडी येथे अन्नसामग्री लष्करी विमानाने पोहोचवावी लागली. मार्च २०२५ च्या अखेरीस पश्चिम क्वीन्सलंडमध्ये अनेक ठिकाणी पुराने १९७४ ची पातळी ओलांडली. एक लाखाहून अधिक जनावरे दगावली. डांबरी फरशीवरील थोडे पाणी प्रवाशाला क्षुल्लक वाटते, हाच तेथील धोका. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सेकंदाला एक मीटर वेगाच्या अवघ्या १५ सें.मी. पाण्याने लहान मोटार सरकली, आणि अडीच टनांचे दणकट वाहन ४५ सें.मी. पाण्यात अस्थिर झाले.

मार्गस्थितीपत्रक वाचताना म्हणून वर्गाआधी तारीख व वेळ पाहावी. काल सायंकाळचा 'खुला' आज सकाळच्या सरीनंतर निरर्थक असतो. शिवाय पत्रके राज्यांच्या सीमांप्रमाणे निघतात, पाणी तसे वाहत नाही. बर्ड्सव्हिलच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर राज्याची सीमा लागते. एकाच रस्त्याची अर्धी हकीकत एका राज्याच्या पत्रकात आणि अर्धी दुसऱ्याच्या पत्रकात असते, आणि दोन्ही एकाच दिवशीच्या असतीलच असे नाही. स्टेशनांच्या अंतर्गत वाटा तर कोणत्याच पत्रकात येत नाहीत. त्यांची स्थिती शेजारी शेजाऱ्याला दूरध्वनीवर किंवा बिनतारी यंत्रावर सांगतो, आणि हा शेजारी कित्येकदा ऐंशी किलोमीटरांवर असतो.