मंदीत घरपट्टी का उतरत नाही?

मंदी आली की पगार घटतात, धंदा बसतो, जमिनीचे व्यवहार थंडावतात. घरपट्टीचे बिल मात्र पूर्वीइतकेच येते. २०२० च्या टाळेबंदीत भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत गडकिल्ल्यांवरील वर्दळ थांबली, महामार्गावरील हॉटेले बंद पडली. उत्पन्नच नसताना कर कसला, असा प्रश्न तेव्हा पडणे स्वाभाविक होते.

याचे उत्तर आकारणीच्या पद्धतीत आहे. घरपट्टी उत्पन्नावर नसून मालमत्तेवर असते. ग्रामपंचायतींत पूर्वी ती क्षेत्रफळावर आकारली जाई. ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी ती भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा दर शासनाच्या रेडी रेकनरमधून घेतात, बांधकामाच्या मूल्यातून घसारा वजा करतात आणि वापर निवासी की व्यावसायिक, यानुसार भारांक लावतात. फेरआकारणी चार वर्षांनी होते. रेडी रेकनर मंदीच्या मागे धावत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत, राज्यातील दर सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढवलेच गेले.

करदात्याला हा हट्ट वाटेल. पण स्थानिक संस्थेच्या बाजूने पाहिले तर हीच घरपट्टीची खरी किंमत आहे. तिच्या उत्पन्नाची दुसरी मोठी बाब म्हणजे मुद्रांक शुल्काचा वाटा. ग्रामीण भागातील खरेदीखतावर जिल्हा परिषदेसाठी १ टक्का अधिभार असतो आणि त्यातला निम्मा हिस्सा ग्रामपंचायतींना मिळतो. नसरापूर-कापूरहोळचा महामार्गालगतचा पट्टा किंवा पानशेतच्या बाजूची फार्महाऊसची गावे यांना तेजीत हा पैसा चांगलाच हात देतो. व्यवहार थांबले की तो आटतो. तोरण्यापलीकडच्या लहान गावांना तेजीतही त्याचा फारसा लाभ नाही. त्यांची मदार अनुदानावरच.

अनुदानालाही अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दिलेल्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखीव होती. त्यातच जून २०२१ मध्ये पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलेही याच आयोगाच्या निधीतून भरण्याची मुभा शासनाने दिली. मुभा कसली, बोजाच म्हणायचा! जो पैसा गटारे नि रस्त्यांना लागायचा, तो महावितरणकडे वळला.

म्हणून खरा फटका आकारणीला नव्हे, वसुलीला बसतो. नमुना ८ मध्ये मालमत्तांची आकारणी असते, नमुना ९ मध्ये त्या वर्षीची मागणी. मागणी कागदावर कायम राहते, तिजोरीत मात्र येत नाही. पंपचालक, शिपाई, सफाई कामगार यांच्या वेतनावर त्याचा थेट परिणाम होतो, कारण किमान वेतनातील शासनाचा हिस्सा एप्रिल २०२० च्या शासन निर्णयाने करवसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. वसुली कमी तर शासनाचा हिस्साही कमी. टाळेबंदीच्या महिन्यातच हा निर्णय यावा, यावर कर्मचारी संघटनांनी आक्षेप घेतला, तो गैर म्हणता येणार नाही.

भोर शहराचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे नगरपालिका कायद्यानुसार कर आकारला जातो आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. व्यापाराबरोबर वाढणारे उत्पन्न त्यामुळे हातचे गेले; स्वतःच्या निर्णयाने वसूल करता येईल अशी मोठी बाब उरली ती मालमत्ता कराचीच.

पुण्यात राहून या तालुक्यांत बंगला राखणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ग्रामपंचायतीला कराचा दर नियमांतील किमान व कमाल मर्यादेतच ठरवता येतो. मंदी आहे म्हणून बिल माफ करणे तिच्या हातात नाही. आकारणीबाबत तक्रार असेल तर यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत लेखी हरकत घेता येते. घसारा धरला आहे का, क्षेत्रफळ बरोबर आहे का आणि राहत्या घराला व्यावसायिक भारांक तर लागलेला नाही ना, हे तेव्हाच तपासून घ्यावे.