गप्प केलेली जनुकं

1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुपदरी आरएनए वापरून सूत्रकृमीतलं हवं ते जनुक गप्प करून दाखवलं. माणसाच्या पेशीत मात्र ही युक्ती चालेना. लांब दुपदरी आरएनए दिसला की पेशी तो विषाणूचा हल्ला समजते आणि सरसकट प्रथिननिर्मितीच आवरती घेते. 2001 मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने साधारण 21 अक्षरांचे तोकडे तुकडे वापरले आणि माणसाचं जनुक पहिल्यांदा नेमकेपणाने दबलं. पण काही दिवसांत परिणाम ओसरायचा.

तो टिकवला विषाणूंनी. 2002 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेत ब्रुमेलकॅम्प, बर्नार्ड्स आणि अगामी यांनी केसांच्या पिनेसारखा दुमडणारा आरएनए तयार करणारा डीएनए रेट्रोव्हायरसमध्ये बसवला. विषाणू तो थेट पेशीच्या गुणसूत्रात रोवतो, म्हणून पुढच्या प्रत्येक पिढीत जनुक दबलेलंच राहतं. त्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींतलं फक्त बिघडलेलं के-रास जनुक दाबलं, निरोगी प्रतीला हात लावला नाही. दोन्हींत फरक एका अक्षराचा! त्या पेशींची गाठ तयार करण्याची ताकदच गेली. त्या काळातला इतका देखणा प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

मग एचआयव्हीपासून घडवलेले लेंटिव्हायरस आले. रोग घडवणारी जनुकं काढून टाकलेले हे वाहक विभाजन थांबलेल्या पेशींतही शिरतात. 2004 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्याच गटाने सुमारे 8,000 मानवी जनुकांसाठी रेट्रोव्हायरसचा संच उभा केला, पाठोपाठ बॉस्टनजवळच्या ब्रॉड संस्थेने लेंटिव्हायरसचे संच जगभर खुले केले.

साधन हाताशी आलं आणि निष्कर्षांची घाई वाढली. के-रासवर पोसलेल्या कर्करोगपेशी एसटीके33 या जनुकावाचून मरतात, असं 2009 मध्ये जाहीर झालं. 2011 मध्ये अ‍ॅमजेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांना ते पडताळता आलं नाही. मुळात या पद्धतीत जनुक पुरतं बंद होत नाही, नुसतं मंदावतं. शिवाय दुमडलेल्या आरएनएच्या पिनेची मोजकी अक्षरं जुळली तरी भलतीच जनुकं दबू शकतात. म्हणून एका जनुकावर निदान दोन वेगळ्या पिना लावायच्या, मग पिनेला ओळखू न येणारी त्याच जनुकाची प्रत परत घालायची आणि पेशी पूर्ववत होते का ते पाहायचं, असा दंडक रुजला. माझ्या मते मोठमोठ्या संचांपेक्षा ही कमाई मोठी. 2014 मध्ये लेंटिव्हायरसवरच स्वार होऊन क्रिस्परचे संच आले आणि जनुक मुळातूनच तोडता येऊ लागलं, तेव्हाही हा दंडक तितकाच उपयोगी पडला.

एक धडा फार जड होता. 2006 मध्ये स्टॅनफर्डमध्ये उंदरांच्या यकृतात दुसऱ्या एका विषाणूवाटे 49 पिना तपासल्या गेल्या. त्यांपैकी 36 पिनांनी यकृताला इजा केली, 23 प्राणघातक ठरल्या. पेशीच्या स्वतःच्या सूक्ष्म आरएनएंची बाहेर पडण्याची वाटच पिनांच्या गर्दीने तुंबली होती. दाबायचं जनुक अचूक निवडलं तरी मात्रा चुकली की जीव जातो, हे तिथे कळलं.

हा धडा बॉस्टनमध्ये कामी आला. विदर्भातल्या आदिवासी पट्ट्याला नीट ठाऊक असलेल्या सिकलसेल या बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या आजारावर तिथे उपचार शोधला जात होता. बीसीएल11ए हे जनुक दाबलं की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. पण रक्ताच्या मूळपेशींतही ते दबलं तर त्या पेशींनाच अपाय होतो. म्हणून पिन पेशीच्या स्वतःच्या सूक्ष्म आरएनएच्या साच्यात बसवली आणि ती फक्त तांबड्या पेशी घडताना चालू होईल अशी सोय लेंटिव्हायरसमध्ये केली. 2021 मध्ये पहिल्या सहा रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. सहाही जणांच्या रक्तात ते हिमोग्लोबिन वाढलं होतं, आणि टिकून होतं.