परसबागेतील पाहुणे

मुलांनो, थंडी संपली, की सातारा-सांगली भागात वसंत ऋतूची चाहूल लागते. तुम्ही त्याला उर्दूत 'बहार' म्हणता. मराठीत झाडाला आलेल्या भरपूर फुलांना 'बहर' म्हणतात. हे दोन शब्द किती जवळचे आहेत, पाहा! या दिवसांत कडुनिंब फुलतो, झाडांना कोवळी पालवी फुटते आणि फुला-पानांच्या मागोमाग कीटक येतात. तुमच्या दारात कढीपत्त्याची एकच कुंडी असेल, तरी हे पाहुणे तिथे हजर होतात.

प्रथम कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे झाड नीट पाहा. कोवळ्या पानावर खसखशीच्या दाण्याएवढे पिवळसर अंडे दिसेल. ते फुलपाखराचे, म्हणजे 'तितली'चे अंडे आहे. तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे ती कोश करते आणि कोशातून फुलपाखरू बाहेर पडते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले 'नीलवंत' हेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. मोठ्या झाडाची चार पाने अळीने खाल्ली, तर झाडाचे फारसे बिघडत नाही. रोप लहान असेल, तर अळी हलकेच उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

आता जास्वंदीचा शेंडा पाहा. तिथे बारीक किड्यांची दाटी दिसली, तर तो 'मावा' समजा. मावा झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट थेंब टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या येतात आणि माव्याची राखणही करतात. तिथेच लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा फिरताना दिसेल. तो दिवसाला कितीतरी मावा खातो. त्याची काळसर, लांबट अळीही मावाच खाते. पण ती ओळखता न आल्यामुळे लोक तिलाच शत्रू समजून मारतात!

शत्रू आणि मित्र ओळखणे किती गरजेचे आहे, हे सांगली जिल्ह्याने अनुभवले आहे. २००२ साली तेथील उसावर पांढरा लोकरी मावा पडला. पाहता पाहता तो सातारा, कोल्हापूर आणि कर्नाटकातही पसरला. शेतकरी हवालदिल झाले. उंच, दाट उसात औषध फवारणे कठीण होते. शिवाय फवारणीने मित्रकीटकही मरत होते. मग 'डिफा' आणि 'मायक्रोमस' या मित्रकीटकांची मदत घेण्यात आली. डिफा हा एक पतंग आहे. त्याची अळी पाने खात नाही, मावा खाते. हे मित्रकीटक वाढवून शेतांत सोडण्यात आले आणि हळूहळू मावा आटोक्यात आला.

मधमाशी तर सर्वांचीच मैत्रीण आहे. पवित्र कुरआनमधील सोळाव्या सूरहचे नावच 'अन-नहल', म्हणजे 'मधमाशी' असे आहे. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' ठरले. मधमाशी मध तर देतेच, शिवाय एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेते. त्यामुळे फळे धरतात. फुलांवर विषारी औषध मारले, तर मधमाश्या मरतात आणि मग फळेही कमी धरतात.

म्हणून बागेत किडा दिसला, की लगेच औषधाची बाटली शोधू नका. आधी तो काय खातो, ते दोन दिवस पाहा. मावा फार वाढला असेल, तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. ढालकिडा दिसला, तर त्याला त्याचे काम करू द्या. तुम्ही पाहिलेल्या कीटकांची नावे उर्दूत आणि मराठीत वहीत लिहा. महिन्याभरात तुमची वही भरेल आणि तुमच्या बागेचे खरे राखणदार कोण आहेत, हेही तुम्हांला कळेल.