फुली काळी की लाल?

दिवस सरलेला आणि रात्र न उगवलेली, त्या वेळेला आपल्याकडे कातरवेळ म्हणतात. रायफलच्या दुर्बिणीतली नेमाची फुली उजळणारी घ्यावी की साधी काळी, हा वाद मूळचा या वेळेचा. मध्य युरोपातल्या शिकाऱ्यांनी तो सर्वांत चवीने घातला, आणि त्याला कारण तिथला कायदा. जर्मनीत हरणांवर सूर्यास्तानंतर दीड तास उलटला की बंदूक उचलता येत नाही. रानडुक्कर मात्र या बंदीतून वगळलेलं. त्यामुळे मक्याचे दाणे पसरून, चांदण्या रात्री लाकडी मचाणावर गप्प बसून राहायचं, ही तिथली जुनी रीत. आता त्या जागेवरून दुर्बिणीत पाहा. समोर गर्द झाडी, तिच्यात काळं जनावर, आणि त्यावर टेकवायची आहे काळी फुली.

ही अडचण शिकाऱ्यांच्या आधी आकाश पाहणाऱ्यांना आली होती. इंग्लंडमधल्या विल्यम गॅसकॉइन नावाच्या तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. तो धागा दृश्याबरोबरच स्पष्ट दिसतो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि दुर्बिणीतून नेम धरण्याची युक्ती त्याला तिथे सापडली. ही 1640 च्या आसपासची गोष्ट. काळोख फार असेल तर दुर्बिणीत ताणलेला केस दिसत नाही, म्हणून तो कंदिलात मेणबत्ती लावून तिचा उजेड दुर्बिणीत सोडत असे. 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पुढे वेधशाळांनी त्याची युक्ती दोन तऱ्हांनी वापरली. एक तर मागचं सगळं क्षेत्र मंद उजळायचं, म्हणजे तार काळी उठून दिसते. नाहीतर तारेवरच उजेड पाडायचा, म्हणजे काळ्या आकाशात ती चमकते. माझ्या मते शिकारी दुर्बिणींचा सगळा इतिहास या दोन तऱ्हांमधला झोका आहे.

तिसरी तऱ्हा म्हणजे जनावरच उजळायचं, आणि ती आपल्याकडे होऊन गेली. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या 1926 च्या मे महिन्यात पडला, तेव्हा जिम कॉर्बेटच्या रायफलला हातबत्ती बांधलेली होती. बत्ती पेटली, बिबट्याचा खांदा दिसला, बार झाला आणि बत्ती विझली. त्याआधी जुन्या विलायती रायफलींवर नळीच्या टोकाला, नेम धरायच्या नेहमीच्या माशीजवळच, एक जास्तीची पांढरी माशी घडी घालून ठेवलेली असे, हस्तिदंताची किंवा मिन्याची. चंद्र उगवला की ती उभी करायची. नावही ‘मूनसाइट’. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा तो काळ संपला आणि या वस्तू संग्राहकांच्या कपाटात गेल्या.

जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांनी दिव्याच्या वाटेला न जाता काळा रंगच जाड केला. त्यांची ‘क्रमांक 1’ची फुली म्हणजे तीन जाड खांब, मधला खालून वर आलेला, टोकदार. ‘क्रमांक 4’मध्ये डावीकडून, उजवीकडून आणि खालून जाड पट्ट्या येतात आणि मधोमध बारीक फुली उरते. अंधार पडला की ती बारीक फुली आधी नाहीशी होते, पण जाड पट्ट्या दिसत राहतात आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नेम बसतो. बिनदिव्याची यापेक्षा हुशार वस्तू मला माहीत नाही.

तिला जोड होती काचेची. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये भिंगावरचं परावर्तन कमी करणारा लेप शोधला आणि दुर्बिणीतून पार जाणारा प्रकाश चांगलाच वाढला. मग 8×56 हे माप रात्रीच्या शिकारीचं ठरून गेलं. 56 ला 8 ने भागलं की 7 मिलिमीटर. दुर्बिणीतून बाहेर पडणारा झोत तेवढा रुंद, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. पन्नाशीनंतर ती तेवढी उघडत नाही आणि महागड्या काचेतला थोडा उजेड बुबुळावरच वाया जातो. हे दुकानदार सहसा सांगत नाही.

अमेरिकेत ल्युपोल्ड कंपनीने 1962 मध्ये ‘ड्युप्लेक्स’ फुली आणली: बाहेर जाड, आत बारीक. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची मुदत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात संपते. त्या अर्ध्या तासाला ड्युप्लेक्स पुरते, त्यामुळे उजळणाऱ्या फुलीची निकड तिथे फारशी कुणाला वाटली नाही.

दिवा शिकारीत आला त्याआधी लष्करात रुळला होता. 1963 मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलच्या पीएसओ-1 दुर्बिणीत बॅटरीवर उजळणाऱ्या खुणा होत्या. शिकारी दुर्बिणींत हीच कल्पना आली तेव्हा सुरुवातीचा अनुभव मात्र फसवा होता. आख्खी फुली लाल व्हायची आणि दिवा सर्वांत मंद ठेवला तरी रात्रीच्या मानाने भगभगीत असायचा. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. तो सराव मोडला की फुली झकास दिसते, पण डुक्कर दिसत नाही. लाल रंग निवडला तो याचसाठी, कारण अंधारात काम करणाऱ्या नेत्रपेशी लाल प्रकाशाला जवळपास दाद देत नाहीत. पण लालसुद्धा अति झाला की पसरतो. काळ्या फुलीवाल्या म्हाताऱ्यांनी त्या काळी नाक मुरडलं, आणि मला ते बरोबरच वाटतं.

वाद फिरला तो फुलीऐवजी केवळ मधला ठिपका उजळू लागल्यावर. काचेवर कोरलेली फुली, तिच्या केंद्रात सुईच्या टोकाएवढा उजेड आणि बाजूला तो कमीजास्त करायची चकती. अशी दुर्बीण विकत घेणारा दुकानात चकती शेवटपर्यंत वर फिरवून बघतो. खरं तर ती शेवटपर्यंत खाली फिरवून, अंधाऱ्या खोलीत बघायला हवी. रात्री कामाचा ठिपका तो, जो आहे की नाही अशी शंका यावी इतका मंद होऊ शकतो. आकारही पाहायचा: 100 मीटरवर 6 सेंटिमीटर झाकणारा ठिपका डुकराला चालतो, कोल्ह्याला नाही. फुली दृश्य मोठं करणाऱ्या भिंगांच्या पुढच्या प्रतलात बसवलेली असेल, तर दृश्य मोठं केल्यावर तीही मोठी होते आणि लहान केल्यावर धाग्यासारखी बारीक. युरोपात ही रचना वर्षानुवर्षं चालली.

आणि मग हा कातरवेळेचा वाद दुपारीही सुरू झाला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये लाल ठिपक्याचं साधं, न मोठं करणारं नेमयंत्र काढलं. हाक्यात, म्हणजे आरडाओरड करून जनावर उठवण्याच्या शिकारीत, ते धावत समोरून निघून जातं. तिथे फुली जुळवत बसायला वेळ नसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका न्यायचा आणि चाप ओढायचा. एक ते चार-सहा पट मोठं दाखवणाऱ्या हाक्याच्या दुर्बिणींनी तो ठिपका उचलला, आणि आता तो बर्फावरच्या उन्हातही दिसावा इतका प्रखर हवा होता. एकाच दिव्याकडून रात्री काजव्याची आणि दिवसा निखाऱ्याची अपेक्षा! ट्रिजिकॉन कंपनीने बॅटरीच टाळली: दिवसा प्रकाशतंतू, रात्री किरणोत्सारी ट्रिशियमची चमक. पण ट्रिशियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे पहिलीतला मुलगा बारावी होईतो ठिपका निम्मा.

माझं मत विचाराल तर मोकळ्या शेतात, कापणीनंतरच्या पिवळ्या सडावर किंवा बर्फावर काळी ‘क्रमांक 4’ पुरेशी आहे आणि वाचलेले पैसे चांगल्या भिंगावर घालावेत. सूचिपर्णी झाडीतल्या काळ्या डुकरासाठी आणि हाक्यासाठी ठिपका हवा. बहुतेक उजळत्या दुर्बिणींत बॅटरी संपली तरी खालची काळी फुली जागेवर असतेच, त्यामुळे वाद वाटतो तेवढा टोकाचा नव्हता.

2020 मध्ये जर्मनीने शस्त्रकायद्यात बदल करून शिकाऱ्यांना दुर्बिणीला जोडायची रात्रदर्शक उपकरणं बाळगू दिली. वापराला परवानगी द्यायची की नाही, हे बरंचसं राज्यांवर राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमधल्या एका रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला आणि डुकरं कमी करण्याची घाई वाढली. हे रात्रदर्शक उपकरण नेहमीच्या दुर्बिणीच्या तोंडाशी बसतं. आत छोटा पडदा असतो, आणि शिकारी आपल्या दुर्बिणीतून जंगलाऐवजी तो उजळ पडदा पाहतो. मग लाल ठिपक्याची चकती शून्यावर आणून ठेवली तरी चालतं. मागचं क्षेत्रच उजळलेलं असतं, आणि त्यावर कोरलेली जुनी फुली गॅसकॉइनच्या केसासारखी काळीभोर उठून दिसते.